एकच जवळचा मित्र, आणि त्याच्यावरच प्रेम: काय करावं?

मूळ प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विचारणारा मुलगा 27 वर्षांचा, गे, लातूर जिल्ह्यातला. चार वर्षांपासून हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन सहकाऱ्यांसोबत भाड्याचा फ्लॅट. त्या दोघांना यातलं काही माहीत नाही. खरं काय ते ठाऊक असलेला पुण्यात एकच माणूस आहे. तो गे पुरुषांच्या डेटिंग ॲपवर भेटला, सुरुवातीला दोनदा शरीरसंबंध आले, मग ते आपसूक थांबले आणि घट्ट मैत्री झाली. आता याचा त्याच्यावर जीव जडलाय, आणि नेमकं याच वेळी त्या मित्राला दुसरं कुणी भेटलंय. गावाकडे आई स्थळं बघतेय. त्यानं विचारलंय, त्याला मनातलं सांगू का? सांगितलं तर असलेला एकुलता एक मित्रही जाईल. आणि आमच्यासारख्यांना या शहरात प्रेम मिळतं तरी कसं?

मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करतो, स्वतः गे आहे, आणि आमच्या मंडळींची दर महिन्याला एक बैठक भरवतो. वयानं तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो, चालवून घे.

तू दोन प्रश्न विचारलेस, पण तुझ्या मजकुरात मला सगळ्यात जड वाटलं ते तिसरंच वाक्य: "तो गेला तर मला इथे कुणीच नाही." माझ्या मते खरी अडचण ही आहे. तू सांगितलेल्या गोष्टी नुसत्या ओळीनं मांडून बघ. ऑफिसात बिनसलं की त्याला फोन. एकदा कुणाबरोबर निरोधशिवाय संबंध आले आणि भीतीनं झोप उडाली, तेव्हा तपासणीला सोबत तोच. आईनं व्हॉट्सॲपवर मुलीचा बायोडेटा पाठवला की तोही त्यालाच वाचून दाखवायचा. रविवार त्याच्याबरोबर, वाढदिवस त्याच्याबरोबर. पाच-सहा माणसांनी वाटून घ्यायचं काम तो एकटा करतोय. अशा माणसाला दुसरं कुणी भेटलं की काळजात धस्स होतं. त्यात प्रेम किती आणि आधार सुटण्याची भीती किती, हे आत्ता तुलाही सांगता येणार नाही. तुझं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरंच असेल. पण ते पारखून बघायला पाय टेकायला दुसरी जागा लागते, आणि ती आज तुझ्याकडे नाही.

असं का होतं ते समजलं तर स्वतःला दोष देणं जरा कमी होईल. तुझ्या वर्गातली मुलं दहावी-अकरावीत कुणावर तरी मरत होती, मित्र त्यावरून चिडवत होते, चिठ्ठी पोचवायला दुसऱ्याला पाठवत होते, नकार आला की महिनाभर तोंड पाडून फिरत होते आणि पुन्हा माणसांत येत होते. त्यातलं तुला काहीच करता आलं नाही. त्या वयात तू लपवायला शिकत होतास: चालायचं कसं, हात किती हलवायचे, कुणाकडे किती वेळ बघायचं. ती राहिलेली तालीम तू आता सत्ताविसाव्या वर्षी करतोयस, तीही एकाच माणसाबरोबर. शिवाय ज्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं लागत नाही, त्याच्या शेजारी नुसतं बसलं तरी अंग सैल पडतं. ही सुटका इतकी मोठी असते की तिला प्रेमापासून वेगळं काढणं फार अवघड जातं. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींत हे सतत दिसतं. पहिला खरा मित्र किंवा पहिली खरी मैत्रीण मिळते, आणि जीव तिथेच गुंततो.

दुसरं कारण असं की आपलं जग लहान आहे. बहुतेक पुरुषांचे मित्र एकीकडे असतात आणि ज्यांच्या प्रेमात पडायचं त्या मुली दुसरीकडे. आपल्याकडे दोन्ही माणसं त्याच घोळक्यातून येतात. ज्याच्याशी डेटला गेलो आणि जमलं नाही, तो वर्षभरात जिवलग मित्र होतो. दोन वर्षं जोडीदार असलेला माणूस पुढे घरभाडं वाटून घेणारा सोबती होतो. त्याच्या नव्या जोडीदाराशी आपलीही गट्टी जमते. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो, पण यातून उभ्या राहिलेल्या फार भक्कम मैत्र्या मी पाहिल्या आहेत, आजारपणात रात्ररात्र दवाखान्यात बसणाऱ्या. तेव्हा "आमची सुरुवातच शरीरापासून झाली, म्हणजे ही मैत्री शुद्ध नाही" हे तू लिहिलंयस ते मनातून काढून टाक. आपल्यात मैत्री कुठल्याही दारानं येते.

आता सांगावं का, याचं उत्तर. ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्यात शारीरिक जवळीक खरोखर थांबली आहे, की अधूनमधून तो तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो आणि सकाळी काही झालंच नाही असं वागतो? तसं असेल तर लवकर बोल, कारण मग घोटाळ्यात तोही सामील आहे आणि स्पष्टता दोघांनाही हवी. तुम्ही एका घरात राहत असता तर मी आधी राहण्याची दुसरी सोय बघ म्हणालो असतो. तू वेगळा राहतोस, ते बरं आहे. तुझ्या लिहिण्यावरून जवळीक थांबलेली आहे आणि त्याचं नवं नातं जेमतेम महिन्या-दोन महिन्यांचं आहे. तसं धरून सांगतो: सांग, पण या आठवड्यात नको.

आत्ता सांगितलंस तर ते त्याच्या कानावर अट म्हणून पडेल. "मी की तो" असं तू म्हणणार नाहीस, पण त्याला ऐकू तेच येईल. शिवाय नकार मिळाला तर तो पचवायला तू कुणाकडे जाशील? आजवर अशा वेळी तू त्याच्याकडेच गेलास. म्हणून आधी दोन-तीन महिने दुसरी माणसं जोड. कशी, ते खाली लिहितो. तोवर मनातलं गेलं नाही, उलट आणखी स्वच्छ दिसायला लागलं, तर बोल. कधी कधी या काळात ते आपोआप निवळतं आणि सांगायची गरज उरत नाही. तेही चांगलंच.

बोलायचं ते समोरासमोर. रात्री साडेबाराला व्हॉट्सॲपवर नको, दोन पेग पोटात असताना नको, त्याच्या खोलीवर नको. मी सगळ्यांना चालता चालता बोलायला सांगतो. वेताळ टेकडीवर सकाळी जा, शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तरी पाय चालत असतात. वाक्यं थोडी ठेव. साधारण असं: "मला तुझ्याबद्दल मैत्रीपलीकडचं वाटतं. तू कुणाबरोबर आहेस हे मला माहीत आहे आणि ते मोडावं अशी माझी इच्छा नाही. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगतोय. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही." एवढं बोलून थांब. किती दिवस झुरलास, किती रात्री जागलास याचा पाढा वाचू नकोस. तो ऐकला की समोरचा माणूस अपराधी होतो, आणि अपराधी माणूस लांब पळतो.

नंतर थोडं अंतर ठेव, पण ते सांगून ठेव. "पुढचा महिनाभर मी कमी फोन करीन, रागावलोय असं समजू नकोस" एवढं म्हटलं की त्याला टांगून ठेवल्यासारखं होत नाही. न सांगता गायब झालास तर तो घाबरेल, आणि मैत्री तुटते ती बहुतेक वेळा तिथे. त्याच्या जोडीदाराचं इन्स्टाग्राम उघडून बसू नकोस. जमेल तेव्हा त्या मुलाला भेट, चांगुलपणानं भेट. समोर जेवायला बसलेल्या माणसाचा मत्सर लांबून केलेल्या मत्सरापेक्षा लवकर ओसरतो, असा माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे.

आता दुसरी माणसं. तू म्हणतोस तीन वर्षं ॲप वापरून एक मित्र मिळाला, बाकी सगळा फापटपसारा. ग्राइंडर या ॲपवरचं ठरावीक संभाषण आपण सगळे जाणतो: "हाय." "फोटो?" "टॉप की बॉटम?" "प्लेस आहे का?" आणि "नाही" म्हटलं की पुढे शांतता. लोक याला उथळपणा म्हणतात. मला त्यात घरांचा प्रश्न दिसतो. पीजीत चार जण एका खोलीत, फ्लॅटमध्ये सहकारी, मुंबईत वन रूम किचनमध्ये आईवडील आणि धाकटा भाऊ, सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही. दार लावून तासभर बसता येईल अशी जागा शंभरात कुणाकडे तरी असते, म्हणून पहिला प्रश्न जागेचा येतो आणि माणूस मागे पडतो. ॲपही तसंच बांधलंय: सगळ्यात जवळचा माणूस सगळ्यात वर. त्यात अंतर दिसतं, स्वभाव दिसत नाही.

म्हणून ॲप काढून टाक असं मी सांगत नाही. शरीराची भूक असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ज्या कामासाठी ते आहे ते काम आणि मित्र शोधायचं काम वेगळं ठेव. प्रोफाइलवर स्वच्छ मराठीत लिही: "चहाला भेटायला आवडेल, टेकडीवर चालायला आवडेल, आज रात्रीचं काही शोधत नाही." उत्तरं कमी येतील. जी येतील त्यातली बरीच तुझ्यासारख्याच माणसांची असतील. "नो फेम्स" (म्हणजे बायकी मुलं नकोत), "फक्त मर्दानी" असलं काही मात्र लिहू नकोस. ज्या नजरेनं शाळेत तुला छळलं, तीच नजर मग आपण एकमेकांना लावतो.

माणसं जोडण्यासाठी माझा सगळा भर मात्र एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्यावर आहे. मुंबईत आपल्या लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, गे बॉम्बे हा गट 1998 पासून. लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांसाठी 1995 मध्ये स्त्री संगम हा गट सुरू झाला, तोच पुढे लेबिया झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. 2011 साली पुण्यात पहिली प्राइड, म्हणजे आपली अभिमान यात्रा, निघाली. आता या दोन्ही शहरांत ट्रेकिंगचे, वाचनाचे, सिनेमाचे, पालकांचे छोटे छोटे गट आहेत. बहुतेकांची खबर इन्स्टाग्रामवर मिळते. लोक एकदा जातात, कोपऱ्यात उभे राहतात, "आपलं इथे काही जमणार नाही" म्हणून परततात. पहिल्या खेपेला कुणाचंच जमत नाही. मैत्री ही तिसऱ्या-चौथ्या भेटीत, "अरे, मागच्या वेळी तू आला नव्हतास" या वाक्यापासून सुरू होते.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी, कारण तू ती ओझरती लिहिलीस आणि पुढे गेलास: तिथे सगळे इंग्रजीत बोलतात. हे खरं आहे आणि ते लागतं. कोरेगाव पार्कातल्या कॅफेत पंचवीस जण बसलेत, गप्पा इंग्रजी मालिकांच्या, कॉफी तीनशेची, आणि आपण मराठी माध्यमातून आलेले. तिथे गे असण्यापेक्षा गावचं असणं जास्त उघडं पडतं. जातीचं, पैशाचं, बोलीचं अंतर सप्तरंगी झेंड्याखाली आपोआप पुसलं जात नाही. ज्यांनी बैठका भरवायच्या त्यांनी हे लक्षात घ्यायलाच हवं.

आमच्या बैठकीत मराठवाड्यातला एक मुलगा येऊ लागला होता. भिंतीला टेकून बसायचा, कुणी विचारलं तर नाव सांगायचा, संपलं की सगळ्यात आधी चप्पल घालायचा. एकदा चहाची किटली आणणारा माणूस आला नाही, तेव्हा मी त्याला म्हटलं, बाबा, कोपऱ्यावरच्या टपरीवरून वीस कप घेऊन येतोस का. तो आणि आणखी एक जण गेले. परत येईपर्यंत दोघं हसत होते. टपरीवाल्यानं "कसला कार्यक्रम?" विचारलं, तर यानं ठोकून दिलं, "भजनी मंडळ." पुढच्या वेळेपासून चहा त्याच्याकडे लागला. कोण बिनसाखरेचा घेतो हे त्याला पाठ झालं, म्हणजे प्रत्येकाशी बोलणं आलं. आज त्याच्याकडे हक्कानं फोन करावा अशी माणसं आहेत. म्हणून तुला सांगतो, कुठल्याही गटात गेलास की काम मागून घे. खुर्च्या मांडणं, नावं लिहून घेणं, ट्रेकला येणाऱ्यांची यादी करणं. हातात काम असलं की उभं कुठे राहायचं हा प्रश्न सुटतो, आणि इंग्रजी लागत नाही.

एक सावधगिरी, आणि हिचाही मित्रांशीच संबंध आहे. ॲपवरून घरी बोलवून लुटण्याच्या टोळ्या आहेत. तुझ्यासारखाच एखादा चांगला वाटणारा मुलगा बोलावतो, दार लागतं, आतून आणखी दोघं-तिघं निघतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि "घरी पाठवू, पोलिसांना सांगू" म्हणून यूपीआयनं पैसे वळते करून घेतात. यातले बहुतेक प्रसंग बाहेर येत नाहीत, कारण सांगायला कुणी नसतं. पहिली भेट नेहमी चार माणसांत, उजेडी, आणि आधी व्हिडिओ कॉल करून चेहरा पाहिल्यावर. कुठे जातोय ते एका मित्राला लोकेशनसकट पाठव आणि किती वाजता फोन करशील ते सांग.

तरीही फसलास तर पुन्हा पैसे देऊ नकोस, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट ठेव, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर, आणि पोलीस ठाण्यात एकटा जाऊ नकोस, मित्र किंवा वकील सोबत ने. कायदा तुझ्या बाजूनं आहे. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या 377 सारखं कलमच नाही. धमकावून पैसे उकळणं हा मात्र त्याच संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे. टोळीला हे माहीत असतं. तुला माहीत नसेल या भरवशावर ती चालते.

तब्येतीबद्दलही दोन वाक्यं. असुरक्षित संबंधानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचं औषध, पेप, 72 तासांच्या आत आणि जितक्या लवकर जमेल तितकं सुरू करावं लागतं. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते आणि ती गुप्त ठेवतात. 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं.

मुली आणि ट्रान्स वाचकांसाठी थोडं, कारण वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही. रात्री टपरीवर किंवा टेकडीवर निवांत थांबणं मुलाला जमतं, मुलीला तेवढं सोपं नाही. तिच्या पीजीला वेळेचं बंधन असतं, घरचे रोज व्हिडिओ कॉल करतात, आणि ॲपवर बाईच्या नावानं पुरुषच जास्त भेटतात. माझ्या ओळखीच्या लेस्बियन आणि बायसेक्शुअल मैत्रिणींचे गट बहुतेक कुणाच्या तरी घरी, ओळखीतून ओळख असे वाढले आहेत. बाहेरून तो रस्ता बंद दिसतो, पण आतली एक जण भेटली की उघडतो. ट्रान्स मित्रमैत्रिणींची तक्रार वेगळी आहे: रात्री खोलीवर यायला तयार असलेला माणूस दिवसा लक्ष्मी रस्त्यावरून बरोबर चालायला तयार नसतो. अशा माणसाला मी प्रेमाचा उमेदवार मानत नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मित्राला सांगणं दोन-तीन महिने पुढे ढकल, तेवढ्यात एका गटात नियमानं जा आणि काम घे, ॲपवर मैत्री वेगळी माग, सुरक्षिततेसाठी एक तरी माणूस कळवण्यासारखा ठेव.

आता आईचा विषय, कारण तो तुझ्या प्रेमाच्या शोधावर सावली धरून बसलाय. तू लिहिलंस, "दिवाळीपर्यंत कुणी मिळालं तर घरी सांगेन, नाहीतर होकार देऊन टाकेन." बाकी सगळ्या बाबतीत मी "परिस्थितीवर अवलंबून" म्हणतो, इथे म्हणत नाही. एका मुलीशी खोटं लग्न करू नकोस. तिची चूक काय? लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत "ह्यांना माझ्यात काय कमी वाटतं" म्हणून स्वतःला आरशात न्याहाळणाऱ्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. त्यांची कहाणी ऐकल्यावर याबद्दल माझ्या मनात दुसरं मत उरलेलं नाही.

याचा अर्थ दिवाळीत सगळं सांगून मोकळा हो असाही नाही. घरी कधी सांगायचं हे तुझ्या पगारावर, घरच्यांच्या स्वभावावर, गावात त्यांना काय सोसावं लागेल यावर ठरतं. मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची शक्यता असेल तर आत्ता सांगू नकोसच. तोवर "मला आत्ता लग्न करायचं नाही, आणि फोटो पाठवू नकोस" एवढं खरं वाक्य पुरतं, फक्त ते दर वेळी त्याच शब्दांत म्हणायचं. नवं कारण दिलंस की त्यावर नवा उपाय शोधला जातो. कुणी "डॉक्टरकडे नेऊन बरा करू" म्हणालं तर लक्षात ठेव, यात बरं करण्यासारखं काही नाही, आणि असे "उपचार" करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय.

दिवाळीची मुदतही काढून टाक. मुदत डोक्यात ठेवून भेटायला गेलास की समोरच्याला तासाभरात पारखायला लागतोस, आणि तो माणूस मुलाखत द्यायला बसल्यासारखा आखडतो.

मग प्रेम मिळतं कसं? तुझा चुलतभाऊ आठव. त्याला बायको त्यानं शोधली नाही. मामीनं मावशीला सांगितलं, मावशीच्या शेजारणीची भाची होती, कुणीतरी पत्रिका आणली, कुणीतरी घरी चहाला बोलावलं. दहा माणसं त्याच्यासाठी डोळे उघडे ठेवून होती. तुझ्यासाठी असं कुणी नाही, म्हणून तू ॲपवर एकट्यानं शंभर दारं वाजवतोयस आणि दमतोयस. माझ्या ओळखीतली जी जोडपी वर्षानुवर्षं टिकून आहेत, त्यातली बरीचशी मित्राच्या मित्राकडून जुळलेली आहेत. कारण ओळख करून देणाऱ्याला दोघांचे स्वभाव माहीत असतात, आणि मध्ये ओळखीचं माणूस असलं की कुणी सहज फसवून गायब होत नाही.

मित्रांचं काम तिथे संपतही नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे उद्या तुला जोडीदार मिळाला तरी लग्नाच्या दाखल्याचं बळ तुमच्या पाठीशी नसेल. संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्र करता येतं. पण मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, घर भाड्यानं घेताना मालकाला "चांगली मुलं आहेत" असं सांगणारं कुणी लागतं, भांडण झालं की रात्री गादी टाकून देणारं घर लागतं. ज्या जोडप्याला मित्र नाहीत त्यांचं सगळं ओझं त्या दोघांवरच पडतं. आज जे तू आणि तुझा मित्र यांच्यात होतंय, तेच मग जोडीदाराशी होईल.

तेव्हा ज्या गटात रुळशील तिथे दोन-चार महिन्यांनी लाजू नकोस, सरळ सांग: "मला कुणीतरी हवंय, तुमच्या ओळखीत असेल तर सांगा." काय हवंय तेही सांग, म्हणजे मराठी बोलणारा, फार पार्ट्या न करणारा, लग्नाच्या गाठीत न अडकलेला, जे काही असेल ते. हे आपल्या मंडळींत फार थोडे जण तोंडानं बोलतात. सगळे मनात ठेवतात आणि मग कुणी विचारत नाही म्हणून खंतावतात. या कामात तुझा आत्ताचा मित्रसुद्धा येऊ शकतो, तुमच्यातलं सगळं निवळल्यावर. तुला त्याच्याइतकं जवळून ओळखणारा दुसरा कुणी नाही.

या मधल्या काळात रात्री फार जड जायला लागल्या, जीव नकोसा वाटला, तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि कुणी ओळख करून दिली, भेट झाली, पण जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मध्यस्थाला फोन करून तसं सांग आणि त्याचे आभार मान. न कळवता गप्प बसलास तर पुढच्या वेळी तो तुझं नाव सुचवताना बिचकेल.